न तापणारी पेटी

आमी जव्हारचेच. लोक विचारतात मूळचे कुठले, आता मूळचे म्हणजे काय सांगू तुम्हाला, आजा इथल्या मातीत गेला, अब्बा इथल्या मातीत गेले, माझी जागा पण तिथंच त्यांच्या पायथ्याला ठरलेली हाय, मंग अजून किती मूळचे पायजे. शिरपामाळाकडं रस्ता जातो त्याच्यावर आमचं घर, खाली दुकान, वर राहायचं. घरात आमची आपली बोली, दुकानात मराठी, आणि बाजाराला डोंगरातली लोकं आली की त्यांची जी बोली असेल ती मोडकीतोडकी बोलायची. शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकला असतास तर काय झाला असतास असं अजून कोणकोण बोलतं, काय झालो असतो, कुठंतरी कारकून होऊन पंख्याखाली बसलो असतो, बरं झालं असतं.

अब्बा पत्र्याचं काम करायचे. कंदील, चिमण्या, रॉकेलचे डबे, आणि पावसाच्या आधी लोकांच्या भांड्यांना कल्हई. त्याशिवाय गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे, लग्नाला, उरुसाला, आणि चैत्र-वैशाखात गावागावात बोहाडा असायचा, मुखवटे घालून सोंगं नाचायची, तिथं आमच्याच बत्त्या. अब्बांची एक सवय होती, कंदील दुरुस्त केला की पेटवून ठेवायचे आणि थोड्या वेळानं काचेच्या जवळ हात न्यायचे. जास्त तापला की परत खोलायचे. बोलायचे, इसाक, हा उजेड देत नाय, हा नुसता तापतोय, तेल खाऊन तापतोय. इसाक म्हणजे मी. तेव्हा त्यात काय कळत नव्हतं, पण हात न्यायची सवय मलाही लागली ती अजून हाय, हलिमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, तव्याजवळ पण हात जातो, ती ओरडते.

अब्बा गेले तवा मला मिसरूड फुटत होतं. दुकान भाईजानच्या हातात आलं, भाईजान म्हणजे माझे थोरले भाऊ, त्यांच्या शब्दापुढं आमच्या घरात कोणी जायचं नाय, मी तर नायच नाय. जव्हारात तोपर्यंत वीज आलेली, गावातल्या लग्नाला बत्ती कोण मागतो, राहिली ती डोंगरातली गिऱ्हाइकं, मोखाड्याकडची, खोडाळ्याकडची. भाईजाननं मला ठाण्याला एका उस्तादकडं रेडिओचं काम शिकायला धाडलं. तो उस्ताद रेडिओच्या जोडीला अजून एक वस्तू बनवायचा, गाडीच्या बॅटरीवर पेटणारी ट्यूब. संध्याकाळी हातगाडीवर भाजी, मच्छी विकणारी लोकं ती लावायची. एक पत्र्याची पेटी, आत एक काळं गोल रीळ तांब्याच्या तारेचं, आणि टोपीसारखा एक लोखंडी ट्रान्झिस्टर. रेडिओवाला ट्रान्झिस्टर नव्हे, हा नुसता एक भाग असतो, बॅटरीतून येणारा करंट उघडबंद, उघडबंद करतो, येवढा भराभर की डोळ्याला कळत नाय, कानाला कळतो, मच्छर गुणगुणल्यासारखा आवाज येतो. मी ते शिकून आलो. आणि भाईजानला बोललो, आपल्या डोंगरात वीज कधी येईल ते खुदाला ठाऊक, तिथं ही पेटी चालेल.

भाईजान बोलले, बघ करून. पण चालली नाय तर तू भिवंडीला जायचं, मामूंच्या लूमवर. एका दुकानात दोन घरं बसत नाहीत. आता हे त्यांनी जेवता जेवता सांगितलं, डाळ मागावी तसं. मी भिवंडी एकदा बघून आलो होतो. ते माग चालतात तिथं माणूस माणसाशी बोलू शकत नाय, नुसता खडखडाट, नाकातोंडात कापसाची तुसं, आणि कोंदट खोली. आणि हलिमाला तेव्हा दिवस गेलेले. मला जायचं नव्हतं. मला माझ्या खिडकीपुढं टेबल घेऊन बसायचं होतं, तारा कथलानं झाळायची इस्त्री घेऊन, बस. येवढंच मागणं होतं माझं, लिहून ठेवा हे.

पहिल्या पेट्या मी उस्तादच्या सारख्याच बनवल्या. आतला टोपीवाला भाग तापायचा, म्हणून त्याच्यामागं अॅल्युमिनियमची जाड पट्टी, आणि पेटीला चारी बाजूंनी भोकं, वारा जायला. उन्हाळ्यात खोडाळ्याच्या बाजारात भाईजाननं ट्यूब पेटवून दाखवली भर दुपारी, तरी माणसं जमली. ज्यांची ऐपत होती त्यांनी घेतली, कोणी दुकानवाले, एक जामसरचा पाटील, एक मास्तर. बॅटरी चार्ज करायला मात्र आमच्याकडंच यायची, भाईजान जीपमधून बाजाराला बाजार भरलेल्या घेऊन जायचे आणि रिकाम्या आणायचे. घरात मटण शिजायला लागलं. भाईजान मला नावानं हाक मारायचे ते सोडून मिस्त्री बोलायला लागले.

मंग पाऊस लागला. इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक हाय, कपडा वाळत नाय, मीठ पाणी होतं, काडीपेटी पेटत नाय. आणि पेट्या परत यायला लागल्या. एक आली, दोन आल्या, मंग बाजाराला बाजार यायच्या. खोललं की आत जळका वास, रिळाची तार जळालेली, तो टोपीवाला भाग मेलेला. आणि प्रत्येक पेटीची भोकं बंद. कशानं बंद, तर शेणामातीनं. नुसतं लागलेलं शेण नव्हे हो, नीट बोटानं गुळगुळीत करून लिंपलेलं, सगळ्या बाजूंनी, कोणी भिंत सारवावी तसं. मी डोक्याला हात लावला.

त्याच्या पुढच्या बाजाराला सोमा आला, खोडाळ्याच्या पुढं डोंगराच्या पोटाला त्याचा पाडा, घरातच मीठमिरची, सुकट, विड्या असं लहान दुकान चालवायचा, नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. त्याची पेटी दुसऱ्यांदा जळलेली. भाईजान त्याच्यावर जे तापले ते भर बाजारात, जंगली लोकं तुमी, हजार वेळा सांगितलं वारा लागू द्या, तुम्हाला वस्तू द्यायची लायकी नाय. लोकं बघत होती. भाईजान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले तसा सोमा माझ्याजवळ आला आणि बोलला, इसाकभाई, तू घरी चल माझ्या. ती लोकं सगळ्यांना तूच बोलतात, त्यात अपमान नसतो. मला काय वाटलं कोण जाणे, मी इरलं घेतलं आणि त्याच्या मागं चालू लागलो, चिखल नुसता, ओढ्याला पाणी.

त्याच्या घरात शिरलो तर भर दुपारी काळोख. कुडाचं घर, वरून धूर, खाली ओल. त्याची म्हातारी आई चुलीजवळ होती, तिला सगळे डोसी बोलायचे, मीही तेच बोललो. शेजाऱ्याची चालू पेटी सोमानं मागून आणली होती, ती लावून दाखवली. ट्यूब पेटली, आणि बघता बघता पंखवाले किडे, चिलटं, मुंग्यांची पाखरं, सगळी त्या उजेडावर, आणि ट्यूबवर आपटून खाली पडली की सरळ पेटीच्या भोकात. भोकाभोकातून आत. सोमा बोलला, आता सांग, उघडी कशी ठेवायची. डोसीनं कोपऱ्यातली कणगी दाखवली, बांबूची मोठी टोपली असते ना धान्याची, तिला वरून खालपर्यंत लिंपून टाकतात, किडा जाऊ नये म्हणून, आणि एकदा लिंपली की नागली काढायची वेळ येईपर्यंत कोणी फोडत नाय. पेटीला पण तिनं तसंच लिंपलं होतं. घरात दोनच मोलाच्या वस्तू, एक नागली, एक ही पेटी, दोघींना सारखं सांभाळलं. आणि शेजाऱ्याच्या त्या गरम पेटीवर तिनं लगेच काडीपेटी आणि तंबाखूची पुडी वाळायला ठेवली, नातवाचं लंगोट पण टाकलं वरून. मला हसू आलं आणि रडू पण आलं.

परत येताना सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट घोकत होतो. ही लोकं पेटी बंद करणारच. मी असतो त्या घरात तर मीही केली असती. उस्तादची पेटी ठाण्याच्या रस्त्यावर चालते, तिथं खाडीचा वारा, इथं कुठला वारा. मंग उष्णता बाहेर काढायला भोकं पाडत बसण्यात काय अर्थ, उष्णता आत झालीच नाय पायजे. अब्बांचा कंदील आठवला. ही पेटी उजेड देत नाय, बॅटरी खाऊन नुसती तापतेय. अर्धी बॅटरी त्या डोसीची तंबाखू वाळवण्यात जाते.

मंग मी बसलो ते बसलोच. किती पेट्या जाळल्या त्याचा हिशोब नाय ठेवला, हलिमा बोलायची घराला जळक्या तारेचा वास लागलाय, पोराला पण तोच वास लागेल. रीळ सोडायचं, परत गुंडाळायचं, वेढ्याला वेढा लागून, ढिलं एक पण नको. त्या टोपीवाल्याला चालू करायला जो करंट जातो तो उस्ताद भरमसाट द्यायचा, म्हणजे पेटणारच, खात्री. मी तो कमी करत गेलो, पिठात पाणी घालतो तसं बेताबेतानं, ट्यूब फडफडली की एक पाऊल मागं. तरी तापायचीच. आणि मंग एक दिवस एक रीळ खाली पडलं. त्याला बाहेरून दगडासारखे काळे दोन तुकडे असतात तोंडाला तोंड लावलेले, त्यांच्या मधे तार गुंडाळलेली, त्यातल्या एकाची कड उडाली आणि दोघांच्या मधे केसाएवढी फट राहिली. टाकून देणार होतो. म्हटलं लावून तर बघू. तर गुणगुण बदलली, बारीक झाली, आणि हात नेला तर, मी बोलतो तुम्हाला, हात तसाच धरून ठेवला मी. मंग चांगल्या तुकड्यांच्या मधे विडीच्या बंडलाच्या कागदाचा तुकडा घालून फट केली. एक कागद, मंग दोन. दोन कागदांवर जमलं.

त्या पेटीला मी एक पण भोक ठेवलं नाय. अब्बांची पत्र्याची कात्री काढली, चारी बाजूंनी झाळून बंद केली. वरून घोंगडी गुंडाळली आणि पेटवून ठेवून जुम्म्याच्या नमाजला गेलो, आलो, जेवलो, मंग घोंगडीत हात घातला. न्हालेल्या पोराची पाठ असते ना, तशी. आणि बॅटरी, जी एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत जेमतेम पुरायची, ती पुढचा बाजार ओलांडून गेली, त्याच्या पुढचा पण. मी हलिमाला बोललो, भिवंडी टळली.

पहिली पेटी सोमाला दिली. डोसीनं तिच्यावर हात ठेवला, तापात पडलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बोलली, ही थंड हाय, मेली काय. मी बोललो डोसे, उजेड बघ ना. उजेड बघून बोलली, उजेड हाय, पण तंबाखू कुठं वाळवू. सगळे हसले, मीही. लिंपू का, तिनं विचारलं. मी बोललो लिंप, पायजे तेवढी लिंप. अशा अजून थोड्या पेट्या केल्या, जामसरच्या पाटलाला एक गेली. मला वाटत होतं भाईजान पाठीवर हात ठेवतील. लहान भावाला काय, येवढंच वाटतं.

पावसाळा संपत आला आणि भाईजाननं मला दुकानात बोलावलं, फळी लावून घेतली. बोलले, सोमा दोन बाजार आला नाय. मी बोललो बॅटरी पुरत असेल. ते बोलले पाटील पण आला नाय. मी खूश होऊन बोललो, पुरते ना भाईजान, पेटी पण जळत नाय, बॅटरी पण टिकते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आता पण ते बघणं मला दिसतं. बोलले, मिस्त्री, जळालेली पेटी परत येते, रिकामी बॅटरी परत येते, त्याच्यावर हे घर चालतं. तुझी पेटी गेली ती गेली. तू उजेड त्यांच्या घरात केलास आणि काळोख आपल्या घरात. आणि लोकांना पण ती नको हाय, त्यांना गरम लागते, गरम म्हणजे जोराची असं त्यांना वाटतं, मीच त्यांना तसं सांगतो. तो कागद काढून टाक.

मी बोललो, काढणार नाय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाय बोललो. भिंत बोलली असती तर त्यांना येवढं नवल वाटलं नसतं. ते शांतपणे बोलले, मंग आपलं ठरलं होतं ना, पेटी चालली नाय तर भिवंडी. मी बोललो, भाईजान, पेटी चालली. ते बोलले, दुकान चाललं नाय.

पेटी बिघडली असती, मी हरलो असतो, तर गेलो असतो मान खाली घालून, त्यात काय येवढं. मी जिंकलो म्हणून गेलो. हलिमाला आणि तान्ह्या पोराला घेऊन एसटीत बसलो, पेटारा टपावर. मामूंच्या लूमवर लागलो, उजव्या कानानं ऐकू येत नाय ते तिथलंच. ईदला आलो होतो एकदा, तर टेबलावर, माझ्या खिडकीपुढच्या टेबलावर, जामसरच्या पाटलाची पेटी. झाळलेली कड कापून उघडलेली, कागद काढलेला, परत चारी बाजूंना भोकं पाडलेली. सर्व्हिस करून देतो, फुकटात, असं सांगून भाईजाननं एक एक करून सगळ्या मागवून घेतल्या, असं कळलं. मी शिरखुर्मा प्यालो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. थोरल्या भावाशी ईदच्या दिवशी कोण भांडतं.

भाईजान आता नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मी बोलत नाय, झालं ते सांगतो. त्यांच्यापाठी पुतण्यानं मला बोलावून घेतलं, आता दुकानात कॅसेटी विकतो तो, रेडिओ आले तर मी करतो. नवीन रेडिओला ते लाल ठिपक्याचे दिवे असतात ना, एलईडी बोलतात. टिकलीएवढा दिवा, पण त्याच्यामागं एक रेझिस्टन्स बसवलेला, दिव्याला पायजे त्याच्याहून जास्त तो आपणच खातो आणि तापत बसतो. पुतण्याला बोललो, हे पण असं नको, वेगळं करता येईल. तो बोलला, काका, कंपनीनं काय तरी विचार करून केलं असेल ना. बरोबर हाय. विचार करूनच करतात.

मागल्या पावसात सोमा गेल्याचं कळलं. त्याची माती झाली तेव्हा मला जाता आलं नाय, म्हणून मंग भेटायला गेलो, खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढं चालत. पाड्यावर आता विजेचे खांब आलेत, पण पावसात वीज जाते ती आठ आठ दिवस येत नाय, त्या दिवशी पण गेलेलीच होती. आत शिरलो तर घरात उजेड. डोसी कधीच गेलेली. सोमाची सून होती, तिनं मला कधी बघितलेलं नाय, जव्हारचा कोणी म्हातारा बाबा म्हणून पाट दिला, चहा टाकला. कोपऱ्यात कणगी, आणि कणगीच्या बाजूला फळीवर माझी पेटी. वर्षावर्षाचं लिंपण चढून चढून तिचा कोपरा कुठला दिसत नव्हता, मातीचा गोळाच झाला होता. सून बोलली, सासऱ्याच्या वेळची हाय. जव्हारचा दुकानवाला आलता म्हणे मागं, उघडून साफ करून देतो बोलला, पण डोसीनं उघडू दिली नाय, लिंपलेली मधीच फोडत नसतात बोलली, आणि हाकलून दिला त्याला.

मी उठलो. सकाळपासून लावलीय का, विचारलं. हो बोलली. मी हात ठेवला तिच्यावर. थंड होती. कानानं नीट ऐकू येत नाय आता, पण हाताला तिची बारीक गुणगुण लागत होती.

सून चुलीपुढून बोलली, बाबा, हात नको लावू तिला, आजवर कधी बिघडली नाय ती.

मी हात काढून घेतला. बरोबर बोलली पोरगी. तिच्या घरात उजेड राहो, अल्ला तिचं भलं करो. चहा प्यालो, छत्री उचलली आणि खोडाळ्याची गाडी गाठायला निघालो.